चांदणीचे सेवापुस्तक

घोड्याला चार पाय, दोन कान आणि एक शेपूट असते हे सर्वांना माहीत आहे. पण घोड्याला सेवापुस्तकही असावे लागते, हे अंधेरीच्या उपनगर अश्वारोहण मंडळात मी रुजू होईपर्यंत कोणाला माहीत नव्हते. मी, काशीराम चिंदरकर, या मंडळाचा कार्यालयीन अधीक्षक होतो. कार्यालयात अधीक्षक धरून एकूण एक माणूस होता, त्यामुळे शिस्त राखणे मला फारसे जड गेले नाही.

मंडळाची पागा वेसाव्याच्या रस्त्याला, म्हशींच्या एका जुन्या तबेल्यात होती. म्हशी गेल्या आणि गव्हाणी राहिल्या. त्या म्हशींच्या बेताने बांधलेल्या असल्यामुळे चंदी खायला घोड्यांना बरेच वाकावे लागे, आणि पाहुण्यांना वाटे की आमचे घोडे फार नम्र आहेत. आमचे सभासद म्हणजे डॉक्टर, वकील आणि कारखानदार. घोड्यावर बसण्यासाठी लागणारी तंग विजार शिवून घेण्यात त्यांचा जेवढा वेळ जाई, तेवढा घोड्यावर जात नसे. अध्यक्ष होते चंद्रप्रकाशशेठ. त्यांचा पत्र्याची पिंपे करण्याचा कारखाना होता. ते जन्मात घोड्यावर बसले नव्हते, पण पागेवरचे पत्रे त्यांच्या कारखान्यातून आले होते.

इथे येण्याआधी मी गिरणीच्या हजेरीखात्यात वीस वर्षे काढली होती. ज्याची नोंद नाही तो माणूस नाही, हे तिथले तत्त्व. पागेत पाहतो तो अकरा घोडे आणि नोंद एकाचीही नाही. पहिल्याच आठवड्यात मी प्रत्येक घोड्याचे सेवापुस्तक तयार केले. नाव, पित्याचे नाव, ओळखीची खूण, रुजू झाल्याचा दिनांक, जन्मतारीख. जातीचा रकाना फार विचार करून कोरा ठेवला. दर मार्चमध्ये मी गोपनीय शेरे लिही : ‘काम समाधानकारक. वरिष्ठांशी वागणूक कधीकधी लाथेची.’ पुढे कोणी बोट दाखवू नये म्हणून बारावे पुस्तक मी स्वतःचे केले.

चांदणी आली १९६३ साली. कुर्ल्याच्या एका वराती घोडेवाल्याने धंदा बंद केला, तेव्हा घोड्यांची निगा राखणारा त्याचा मोतद्दार लवू तिला घेऊन आमच्या फाटकात उभा राहिला. कपाळावर पांढरा ठिपका असलेली तांबडी घोडी, आणि तिच्याइतकाच हाडकुळा लवू. आम्हाला एक घोडा हवा होता. पण मीच केलेल्या नियमाप्रमाणे उमेदवार घोड्याला पाच वर्षांचा अनुभव लागत असे, आणि घोडी होती चार वर्षांची. लवू आमच्याच बाजूचा, मालवणजवळच्या आचऱ्याचा. एकदा त्याने घोडीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मी टाक उचलला आणि जन्मतारखेच्या रकान्यात लिहिले : १ जून १९५४. घोडी एका ओळीत नऊ वर्षांची झाली, दोघांचीही नेमणूक झाली.

ही विद्या मला गावच्या शाळेतून मिळाली होती. वडिलांना मला गिरणीत लावायचे होते, गिरणीला पंधरा पुरी लागत, आणि मला होती बारा. वडिलांनी गुरुजींना एक फणस नेऊन दिला. गुरुजींनी दाखल्यावर १ जून १९१४ लिहिले. खरे तर मी १९१७ च्या गणपतीत जन्मलो. आमच्या वर्गातल्या एकवीस मुलांना गुरुजींनी एक जूनलाच जन्माला घातले होते. त्यामुळे शाळा उघडायच्या सुमारास सारा गाव बाळंतीण असावा, असे सरकारदप्तरी दिसे.

नऊ वर्षे सुखात गेली. चांदणी उड्यांत तरबेज निघाली. दर थंडीत उपनगरांतल्या पागांचे प्रदर्शन बोरिवलीच्या मैदानावर भरे आणि दर वर्षी चांदणी काहीतरी जिंकून आणी. पण १९७२ च्या जानेवारीतल्या प्रदर्शनात आमचा दुसरा एक म्हातारा घोडा पहिल्या अडथळ्यासमोर जाऊन बसला. त्याला उठवायला सहा माणसे लागली, आणि त्याच्या पाठीवर शेठचे मेहुणे होते. पुढे महिन्याभरात त्या घोड्याने देह ठेवला, पण अपमान जिवंत राहिला.

“चिंदरकर,” डिसेंबर लागताच शेठ म्हणाले, “या टायमाला म्हातारा घोडा नको. तरुण रक्त पायजे. काय तरी नियम करा ना.”

नियम करा, असे कोणी म्हटले की माझ्या अंगात बारा घोड्यांचे बळ येते. दोन दिवस खपून मी वयोमर्यादा नियमावली तयार केली. ‘मंडळाच्या आस्थापनेवरील सर्व घटकांना, त्यांनी विहित वयोमर्यादा पूर्ण करताच, निवृत्त करण्यात यावे.’ ‘सर्व घटकांना’ हे शब्द मला इतके आवडले की मी ते दोनदा मोठ्याने वाचले. परिशिष्टात घोडे अठरा, माणसे अठ्ठावन्न. परिशिष्टात नुसते घोडे फार एकटे दिसत होते, म्हणून माणसे घातली. कलम चार : निवृत्त घोड्याची विल्हेवाट लावावी. कलम पाच : घोडा गेल्यास त्याच्या मोतद्दाराचे पद आपोआप संपुष्टात येईल. शेठनी न वाचता सही केली, कारण कागद दिसायला चांगला होता.

मग मी अकरा पुस्तके उघडली. मर्यादा ओलांडणारा घटक एकच निघाला. चांदणी, अठरा वर्षे सहा महिने. म्हणजे सहा महिने ती बेकायदेशीरपणे उड्या मारत होती.

इथे मी एक गोष्ट सरळ सांगतो. हे सारे थांबवायला एक वाक्य पुरे होते : ती तारीख मीच खोटी लिहिली. हे वाक्य मला मराठीत येत होते, मालवणीत येत होते, मोडक्यातोडक्या इंग्रजीतही येत होते. पण ते बोललो असतो तर खोटी नोंद करणारा अधीक्षक म्हणून माझे पुस्तक काळे झाले असते. घोडीचे काय, तिला पुस्तक वाचता येत नव्हते. मी आदेश टंकून काढला, तीन प्रतींत.

आदेश संबंधित घटकाला समक्ष द्यावा, असा नियम आहे. मी पागेत जाऊन चांदणीसमोर तो वाचून दाखवला. ती शांतपणे ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने मान पुढे केली आणि आदेशाचा खालचा अर्धा भाग खाल्ला. कार्यालयीन प्रतीवर मी नोंद केली : ‘आदेश पोहोचला. विनातक्रार स्वीकारला.’

लवू घोडीचे अंग घासत खरारा करत होता. त्याचा हात थांबला.

“अण्णानू, ही तेरा वर्साची आसा,” तो हळूच म्हणाला. “माका कागद वाचूक येना नाय, पण दात वाचूक येतत. बगा तरी.”

“लवू, दात हा पुरावा नव्हे. नोंद हा पुरावा.”

“ती तारीख तुमीच लिवलात. माझ्यासमोर लिवलात.” तो पुन्हा खरारा करू लागला. “तुमी आमच्यासाठी लिवलात, म्हणून मी कोणाक सांगूचंय नाय.”

त्याने आरडाओरडा केला असता तर बरे झाले असते. मला उत्तर देता आले असते, तेही जावक क्रमांकासह. त्या दिवशी मला जेवण गेले नाही, हे मी कबूल करतो. दुसऱ्या दिवशी गेले.

प्रदर्शनात चांदणीवर बसायच्या होत्या मृणालिनीबाई. घाटकोपरला त्यांचा दातांचा दवाखाना होता, आणि सभासदांत खरोखर घोड्यावर बसणाऱ्या त्या एकट्याच. त्या तडक पागेत गेल्या, चांदणीचा ओठ उचलून पाहिला आणि माझ्या टेबलापाशी आल्या.

“अहो चिंदरकर, काय वेडेपणा लावलाय? कोपऱ्याच्या दातावरची वयाबरोबर उतरणारी खाच अजून अर्ध्यावर पण नाही आली. तेरा. फार तर चौदा. लिहून देते मी, सही करून देते.”

“आपण माणसांच्या दातांच्या डॉक्टर. घोड्याच्या दातांबाबत आपण सक्षम प्राधिकारी ठरत नाही.”

त्यांनी जनावरांचे डॉक्टर आणले. त्यांनीही तेरा सांगितले. मी त्यांना नम्रपणे विचारले, की चांदणीच्या जन्माच्या वेळी ते हजर होते काय. ते नव्हते. तसे, आणि दात हा पुरावा नव्हे असेही, मी फायलीत नोंदवले.

फाटकाशी रोज वेसाव्याची अंजनाबाई मासळीची पाटी टेकवून दम खायला बसे. तिने हे सगळे ऐकले होते. संध्याकाळी मी तिच्याकडून बोंबील घेताना सवयीने एक उचलून दाबून पाहू लागलो, तर तिने माझ्या हातावर चापट मारली.

“दाबून काय बगतंस रे? कागद माग ना मना. पापलेटाचे कल्ले बगतंस, बोंबील दाबतंस, नि घोरीचा कागद बगतंस?”

मी तिला सांगितले की मासळी आस्थापनेवर नसते. तिने त्या दिवशी मला सगळ्यात मऊ, म्हणजे सगळ्यात शिळे बोंबील दिले.

मृणालिनीबाई सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. जन्मतारीख दुरुस्त करायची रीत काय, असे त्यांनी विचारले. रीत होती. मीच केली होती. संबंधित घटकाने स्वतः अर्ज करावा, अर्जावर सही अथवा डाव्या अंगठ्याचा ठसा असावा. त्यांनी अर्ज लिहिला : ‘मी, चांदणी, राहणार अंधेरी पागा, विनंती करते की…’ लवूने चांदणीचा डावा पुढचा खूर शाईत बुडवून खाली ठसा उमटवला. ठसा एवढा मोठा आला की अर्जातला मजकूर बराचसा त्याखाली गेला, पण अंगठ्याऐवजी खूर चालेल असा उदार अर्थ मी लावला. हल्ली मी उदार झालो होतो, कारण अर्ज फेटाळायचाच होता. दुरुस्तीचा अर्ज सेवेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत यावा लागतो. चार वर्षे उशीर झाला होता. शिवाय शाळा सोडल्याचा दाखला जोडलेला नव्हता.

आता विल्हेवाट उरली. गोवंडीचा एक भंगारवाला घोडी न्यायला तयार झाला. त्याला जुने लोखंड ओढायला जनावर हवे होते. प्रदर्शन रविवारी होते. सोमवारी सकाळी तो दोर घेऊन येणार होता. त्या आठवड्यात लवूने चांदणीला रोज दोनदा खरारा केला. मी कार्यालयाची त्या बाजूची खिडकी लावून घेतली. थंडी होती, असे मी स्वतःला सांगितले. अंधेरीत किती थंडी पडते ते तुम्ही जाणताच.

चांदणीच्या जागी प्रदर्शनात सुलतान गेला. सुलतान शर्यतीच्या घोड्यांतला, त्याच्याकडे शिक्क्याचे रीतसर कागद होते आणि कागदावर वय नऊ. त्याचे दात पिवळे, लांब आणि पुढे आलेले होते. हा बावीसचा आसा, कागद दुसऱ्याच घोड्याचे आसत, असे लवू तीन वर्षे सांगत होता. पण कागद निर्दोष होते.

रविवारी बोरिवलीच्या मैदानावर शेठ पहिल्या रांगेत बसले होते. शेजारी मेहुणे. ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली, वय वर्षे नऊ, आणि मृणालिनीबाई सुलतानावर बसून आत आल्या. सुलतान पहिल्या अडथळ्यापाशी गेला. त्याने तो वरपासून खालपर्यंत नीट पाहिला. मग त्याने पुढचे पाय दुमडले, मागचे दुमडले आणि बाईंना हलकेच उतरवून तो आडवा झाला. त्याला झोप लागली. घोरणे ध्वनिक्षेपकावर ऐकू येत होते, असे पुढे लोक म्हणाले, पण तसा अधिकृत अहवाल नाही.

सोमवारी सकाळी शेठ पागेत आले. त्यांच्यामागे मृणालिनीबाई. फाटकात भंगारवाला दोर घेऊन उभा होता आणि लवू चांदणीचा लगाम धरून त्याच्यासमोर.

“नियम कोणी केला?” शेठनी विचारले.

“आपल्या सहीने झाला,” मी म्हणालो.

“सही माझी. अक्षर कोणाचं? दाखवा तो कागद.”

त्या दिवशी शेठनी तो कागद प्रथमच वाचला. ‘सर्व घटकांना’पाशी ते थांबले, मग परिशिष्टापाशी. मग उठून त्यांनी लोखंडी कपाट उघडले आणि बारावे पुस्तक बाहेर काढले. ते तिथे होते, कारण मी शिस्तीचा माणूस.

“जन्म एक जून चौदा. म्हणजे अठ्ठावन्न वर्षं सात महिने,” शेठ म्हणाले. “चिंदरकर, तुम्ही सात महिने बेकायदेशीर बसलाय ना इथे.”

“शेठ, ते वय खरं नाही. मी पंचावन्नचा आहे. गिरणीत लागावं म्हणून वडिलांनी तीन वर्षं वाढवली होती.”

“पुरावा?”

मी इकडेतिकडे पाहिले. गुरुजी वारले होते, वडील वारले होते, फणस तर केव्हाच संपला होता. “मृणालिनीबाई,” मी म्हणालो, “जरा माझे दात बघता का?”

त्यांनी मला खिडकीच्या उजेडात नेले, आ करायला लावले आणि बराच वेळ पाहिले. “दोन दाढा किडल्यात. पण पंचावन्न असतील, पटतं मला.” मग शेठकडे वळून त्या गंभीरपणे म्हणाल्या, “अर्थात दात हा पुरावा नव्हे. नोंद हा पुरावा. फायलीत आहे तसं.”

“दुरुस्तीचा अर्ज?” शेठनी विचारले.

“पाच वर्षांच्या आत यायला हवा होता,” मीच उत्तर दिले. सवय वाईट.

आणि तेव्हा, नऊ वर्षांत पहिल्यांदा, माझी कार्यालयीन भाषा मला सोडून गेली. “शेठ, ह्या सगळा खोटा आसा,” मी म्हणालो. “माजी तारीख बापाशीन खोटी घातली. घोडीची मी घातली. ती चार वर्साची होती. लवूक काम गावूचा म्हणून मी नऊ लिवलंय. बिचाऱ्यान तोंडातून एक शबूद काढूक नाय.”

फाटकाशी लवूने मान खाली घातली. जे वाक्य घोडीसाठी महिनाभर तोंडातून निघाले नाही, ते स्वतःच्या खुर्चीसाठी अर्ध्या मिनिटात निघाले होते. हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. बाकी सर्वांच्या आले.

शेठ धंद्यातले माणूस, त्यांनी हिशेब पटकन केला. “म्हणजे घोडीची नोंद खोटी, आणि ती आपल्या ऑफिसने केलेली. मग आपण दुरुस्त करू शकतो. घोडी राहील, लवू राहील. तुमची नोंद शाळेने केलेली. ती आपल्या अखत्यारीत नाही. त्याला आपण काय करणार ना?”

तर्क इतका बिनचूक होता की माझ्याही तोंडून ‘बरोबर’ निघून गेले. भंगारवाल्याला त्यांनी रिकामे परत पाठवले. जाताना तो माझ्याकडे पाहून घेत होता, पण मला जुने लोखंड ओढता येईल असे त्याला वाटले नसावे. चांदणीच्या पुस्तकातली दुरुस्ती मी स्वतःच्या हाताने केली. मग स्वतःचा निवृत्तीचा आदेश टंकून काढला, तीन प्रतींत, आणि स्वतःलाच समक्ष वाचून दाखवला. मी तो खाल्ला नाही, एवढाच आम्हा दोघांत फरक. पुढच्या थंडीत चांदणीने बोरिवलीला पहिले बक्षीस मिळवले. मी ते कुंपणाबाहेरून पाहिले आणि मला भडभडून आले, ते कशाने ते अजून नक्की करता आलेले नाही.

आता मी घरी असतो. परवा लवू आला, चार वर्षांच्या नातवाचे बोट धरून. चांदणीची खुशाली सांगून झाली, चहा झाला. मग त्याने खिशातून शाळेचा अर्ज काढला आणि माझ्यासमोर सरकवला.

“अण्णानू, ह्येका औंदा शाळेत घालूचा आसा. मास्तर म्हणता, पाच म्हैने कमी पडतत.” तो जमिनीकडे बघत म्हणाला, “तुमचा अक्षर चांगला आसा.”

मी नातवाला जवळ घेतले आणि आ कर म्हटले. दुधाचे दात, एकही हललेला नाही. मी लवूकडे पाहिले. दात वाचणारा हा माणूस, पण त्याने नातवाच्या तोंडात पाहिले नाही. मी टाक उचलला आणि रकान्यात लिहिले : एक जून.

आपण हसत असाल, तर जरूर हसा. त्याआधी फक्त उठून आपल्या कपाटातला शाळा सोडल्याचा दाखला काढा आणि त्यावर कोणती तारीख आहे तेवढे बघून या. मी थांबतो.